एक दुर्बीण, दोन वाटेकरी

पावसाळा सरला, आकाश धुऊन निघालं की आकाशदर्शनाचे कार्यक्रम सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर एक प्रश्न हमखास कानावर येतो : "पाठीवरच्या पिशवीत मावेल अशी लहान दुर्बीण घ्यायची आहे. डोळ्यांनी बघायचंय आणि फोटोही काढायचेत. कोणती घेऊ?" प्रश्न साधा, पण उत्तर देणाऱ्यांचे दोन तट आहेत. एक तट म्हणतो, दुर्बीण डोळ्यासाठी घ्या, फोटो जमतील तसे जमतील. दुसरा म्हणतो, शहरातल्या आकाशात डोळ्यासाठी उरलंय काय, कॅमेऱ्याचाच विचार करा. दोन्हीकडे वर्षानुवर्षं रात्री जागवलेली माणसं आहेत, त्यामुळे कुणाचंच म्हणणं उडवून लावता येत नाही.

इथे चर्चा फक्त रिफ्रॅक्टरची, म्हणजे आरशाऐवजी पुढे भिंग असलेल्या दुर्बिणीची आहे. आरशांसारखी तिची भिंगं पुन्हा पुन्हा जुळवावी लागत नाहीत, प्रवासातले धक्के ती सोसते आणि गच्चीवर नेल्यावर थोड्याच वेळात कामाला लागते. लहान आणि फिरतीची दुर्बीण म्हटली की म्हणूनच बहुतेकांची पसंती तिला. दोन्ही बाजू मी एका मामा-भाचीच्या तोंडी घालतो आहे. मामा पुण्याचा, निवृत्त शिक्षक. ८० मिलिमीटर व्यासाची, ९०० मिलिमीटर नाभीय अंतराची लांबलचक दुर्बीण वापरत आलेला. भाची ठाण्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते आणि तेजोमेघांचे फोटो काढते. तिने एका मित्राची ७२ मिलिमीटरची दुर्बीण चार दिवसांसाठी मागून आणली आहे. डिसेंबरातली रात्र आहे, दोघं गच्चीवर आहेत.

भाची : मामा, माझं जवळजवळ ठरलंय. रेडकॅट ५१. व्यास ५१ मिलिमीटर, नाभीय अंतर २५०, म्हणजे नाभीय अंतर भागिले व्यास, एफ/४.९. आत चार भिंगं आहेत, त्यामुळे फोटोच्या कोपऱ्यापर्यंत तारे गोल येतात. कॅमेऱ्याच्या पिशवीत आरामात मावते.

मामा : एक्कावन्न? अगं, दहा बाय पन्नासच्या द्विनेत्रीचं भिंग तेवढंच असतं. एवढे पैसे घालून तेवढाच उजेड आत घ्यायचा? ही बहात्तरची आहे ना, हिच्या भिंगाचं क्षेत्रफळ तुझ्या एक्कावन्नच्या दुप्पट भरतं. ऐंशीचं अडीचपट.

भाची : उजेड कमी पडला तर मी वेळ वाढवते. तुझ्या डोळ्याला ती सोय नाही. डोळा उजेड साठवून ठेवत नाही. मी दोन-दोन मिनिटांचे शंभर फोटो घेते आणि संगणकावर ते एकमेकांवर बसवते. तीन तासांहून जास्त वेळाचा उजेड एका चित्रात येतो.

मामा : उजेडाचं मान्य. पण बारकावा वेळ वाढवून मिळत नाही, तो व्यासावर ठरतो. ११६ ला मिलिमीटरमधल्या व्यासाने भाग, किती आर्कसेकंद अंतरावरचे दोन तारे वेगळे दिसतील ते कळतं. एक्कावन्नला २.३, बहात्तरला १.६, ऐंशीला १.४५. स्वरमंडळातला एप्सायलॉन तारा घे. साध्या नजरेला एक, द्विनेत्रीतून दोन आणि त्या दोघांतला प्रत्येक पुन्हा जोडतारा. त्या जोड्यांमधलं अंतर सव्वादोन आर्कसेकंदांच्या आसपास. हवा शांत असेल तर माझ्या ऐंशीतून चारही सुटे होतात. तुझ्या एक्कावन्नमधून ते अगदी काठावर, म्हणजे बहुतेक रात्री नाहीच.

भाची : पण मला जोडतारे कुठे बघायचेत? मला देवयानी दीर्घिका हवी आहे. ती आकाशात तीन अंश लांब पसरलेली, म्हणजे ओळीने सहा पौर्णिमेचे चंद्र. तुझ्या नऊशे मिलिमीटरच्या नळीला माझा कॅमेरा लावला तर आडवं दृश्य जेमतेम दीड अंशाचं मिळेल. देवयानीचा मधला गाभा येईल आणि हात-पाय बाहेर राहतील. अडीचशे मिलिमीटरला मला जवळजवळ साडेपाच अंश मिळतात. कृत्तिका आणि त्यांच्या भोवतीचा निळा धुरकटपणा सगळा एका चौकटीत.

मामा : आणि गुरू-शनी?

भाची : त्यांच्यासाठी ही नाही, हे मला माहीत आहे.

मामा : किती "नाही" ते तर बघू. तुझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. अडीचशे मिलिमीटरवर एका पिक्सेलमध्ये ३.१ आर्कसेकंद मावतात. शनीची कडी जास्तीत जास्त पंचेचाळीस आर्कसेकंदांच्या आसपास. म्हणजे सगळा शनी कड्यांसकट चौदा-पंधरा पिक्सेलचा. मी नेत्रिका बदलून शंभरपट करतो आणि कडं ग्रहापासून सुटलेलं स्वच्छ दिसतं. घरी येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आधी तेच दाखवतो, आणि कडं दिसल्यावर ते मूल दुर्बिणीपासून हलायला तयार नसतं.

भाची : ते मीही अनुभवलंय, तुझ्याच दुर्बिणीतून. पण मामा, तू चंद्र, ग्रह, जोडतारे हीच नावं घेतोस, कारण शहरातून डोळ्याला तेवढंच दिसतं. मृगातला तेजोमेघ सोडला तर इथून एक तरी तेजोमेघ धड दिसतो का? मी कॅमेऱ्यापुढे हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ठरावीक रंगांचाच उजेड सोडणारा फिल्टर लावते. रस्त्यावरच्या दिव्यांचा बराचसा उजेड तिथेच अडतो. ठाण्याच्या बाल्कनीतून मी हंस तारकासमूहातला नॉर्थ अमेरिका तेजोमेघ काढलाय. त्या आकाशात डोळ्याला तिथे फक्त राखाडी रंग दिसतो.

मामा : हा तुझा सगळ्यात बळकट मुद्दा आहे, आणि तो मी मान्य करतो. शहरात राहून खोल आकाश बघायचं तर कॅमेराच हवा. पण अंधाऱ्या जागी काय? पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, भारतातलं ते पहिलं. तशा आकाशाखाली, साडेतीन-चार अंश दाखवणाऱ्या दुर्बिणीतून आकाशगंगेच्या पट्ट्यावरून नुसती नळी फिरवत राहिलं की तारकागुच्छ, तेजोमेघ, काळे ढग एकामागोमाग एक नजरेखालून जातात. तिथे जाऊन तू रात्रभर मोबाइलच्या पडद्यावर फोटोंची संख्या मोजत बसणार का?

भाची : खरं सांगू? तिथे फोटो चालू असताना मला रिकामं बसायला होतं. दुसरी दुर्बीण हवीशी वाटते.

मामा : म्हणून म्हणतो, डोळा लावता येईल अशी घे. चार भिंगांची ती दुर्बीण मुळातच कॅमेऱ्यासाठी आखलेली आहे. तिला नेत्रिका लावायची म्हणजे वेगळे जोड शोधा, आणि लावलीच तर एक्कावन्न मिलिमीटरमधून बघा. ही बहात्तरची बघ. नाभीय अंतर ४२०. स्टार डायगोनल, म्हणजे मान न वाकवता बघू देणारा काटकोनी आरसा, आणि २४ मिलिमीटरची रुंद क्षेत्राची नेत्रिका लाव. साडेसतरापट मोठं आणि साडेतीन अंशांहून जास्त आकाश दिसेल. मग पाच मिलिमीटरची लाव, चौऱ्याऐंशीपट. चंद्रावरच्या विवरांच्या भिंती दिसायला तेवढं पुरतं.

भाची : मग तू तुझी ऐंशी बाय नऊशे मला का देत नाहीस? ती तर डोळ्याला उत्तम आहे म्हणतोस.

मामा : कारण ती जवळजवळ एक मीटर लांब आहे आणि ती घेऊन तू लोकलमध्ये शिरू शकणार नाहीस. पण ती इतकी लांब का, ते समजून घे. काच प्रत्येक रंगाला वेगळं वाकवते, त्यामुळे सगळे रंग एका जागी जमत नाहीत. दोन वेगळ्या काचांची भिंगं जोडून तो दोष कमी करायची युक्ती अठराव्या शतकात निघाली. लंडनच्या जॉन डॉलंडने १७५८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तरीही व्याधासारख्या झगझगीत ताऱ्याभोवती थोडी जांभळी प्रभा राहते. नळी लांब केली, एफ/११ वगैरे, की ती सुसह्य होते. तीच ऐंशी मिलिमीटर एफ/५ करून चारशे मिलिमीटरवर आणली की जांभळा रंग डोळ्यात भरतो. स्वस्त, आखूड दुर्बिणी अशाच असतात.

भाची : आणि डोळा तरी तो रंग खपवून घेतो. कॅमेरा नाही. अंधारात डोळ्याला जांभळ्या टोकाचा उजेड फारसा जाणवत नाही, सेन्सरला मात्र तो पुरेपूर दिसतो. तशा आखूड दुर्बिणीतून काढलेल्या फोटोत प्रत्येक निळा तारा सुजलेला येतो. म्हणून मी ईडी काचेशिवाय, म्हणजे रंग कमी पसरवणाऱ्या काचेशिवाय, दुर्बीण बघतच नाही. एफपीएल-५३ किंवा एफसीडी-१०० काच असली की काम झालं.

मामा : थांब, इथे घाई करू नकोस. त्या काचा चांगल्या आहेत, रंग पसरवण्याच्या बाबतीत त्या जवळजवळ फ्लोराइटच्या बरोबरीला येतात. पण भिंग एका काचेचं नसतं. तिच्या जोडीची काच कोणती, पृष्ठभाग किती नेमके घासलेत, भिंगं घरात किती नीट बसवलीत, यावर सगळं ठरतं. स्वस्त एफपीएल-५१ ची, पण मनापासून बनवलेली दुर्बीण मोठ्या नावाच्या काचेच्या ढिसाळ दुर्बिणीपेक्षा सरस निघू शकते. काचेचं नाव जाहिरातीत वाचायचं, भिंग ताऱ्यावर तपासायचं. ये, व्याध वर आलाय. पाच मिलिमीटरची नेत्रिका लाव.

भाची : लावली. तारा मधोमध आहे. हलतोय थोडा.

मामा : हवेमुळे. आता फोकसचं बारीक बटण अगदी हळू फिरव, तारा किंचित पसरू दे.

भाची : वर्तुळं दिसतायत. एकात एक. चार... पाच.

मामा : मधोमध आहेत की एका बाजूला सरकलीत?

भाची : मधोमध. गोल.

मामा : कुठे कोपरे?

भाची : नाहीत. सगळीकडून सारखी.

मामा : एका बाजूला सरकलेली असती तर भिंगं तिरकी बसली आहेत असं समजायचं. त्रिकोणी झाली असती तर भिंगाचं घर काचेला चिमटतंय. आता फोकसच्या दुसऱ्या बाजूला जा.

भाची : तशीच वर्तुळं. पण कडेला किंचित हिरवट झाक आहे. आधीच्या बाजूला लालसर-जांभळी होती.

मामा : दोन भिंगांच्या ईडी दुर्बिणीत तेवढी झाक असतेच. तीन भिंगांच्या चांगल्या दुर्बिणीत ती जवळजवळ दिसत नाही. आता नेमकं फोकस करून बघ.

भाची : पांढरा. टोकदार. भोवती जांभळं म्हणावं असं काही नाही.

मामा : हे भिंग घेण्यासारखं आहे. दुकानातून, मित्राकडून, जुनी, नवी, कुठूनही घे. शक्य असेल तर ही परीक्षा घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

भाची : म्हणजे तीन भिंगांची नकोच?

मामा : तीन भिंगं म्हणजे रंग जास्त शुद्ध, पण वजन पुढे वाढतं, थंडीत भिंगं आजूबाजूच्या तापमानाला यायला वेळ लागतो आणि किंमत चढते. डोळ्याला सत्तर-ऐंशी मिलिमीटरवर तो फरक थोडा वाटतो.

भाची : कॅमेऱ्याला जास्त वाटतो, पण दोन भिंगांवरही माझं भागेल. खरी अडचण वेगळीच आहे. दोन भिंगांच्या दुर्बिणीत प्रतिमा सपाट पडत नाही, वाटीसारख्या वक्र पृष्ठभागावर पडते. सेन्सर सपाट. मधले तारे टोकदार आले की कोपऱ्यातले लांबट होतात. त्यासाठी मागे फ्लॅटनर लावावा लागतो आणि फ्लॅटनरपासून सेन्सरचं अंतर मोजून ठेवावं लागतं, बहुतेकांचं ५५ मिलिमीटर. कॅननच्या जुन्या डीएसएलआरमध्ये ४४ मिलिमीटर कॅमेऱ्याच्या आत आणि ११ मिलिमीटरची टी-रिंग, झाले ५५. दुसरा कॅमेरा असेल तर मध्ये मोजून रिंगा घालायच्या. एक मिलिमीटर चुकलं तरी कोपरे बोलतात.

मामा : आणि चार भिंगांच्या दुर्बिणीत ही कटकट नाही.

भाची : नाही. फ्लॅटनर आतच असतो, कॅमेरा लावला की झालं. म्हणून ती मला आवडते. तरी या बहात्तरला एक फायदा आहे, तो मला आत्ताच जाणवला. फ्लॅटनर काढून ठेवला की ती तुझी, लावला की माझी. फ्लॅटनर नाभीय अंतर कमी करणारा निवडला, ०.८ पटीच्या आसपासचा, तर ४२० चे साधारण ३४० होतात. मग चौकट चार अंशांच्या घरात जाते आणि देवयानी आत बसते.

मामा : मग तुझी मागणी पुरी झाली की.

भाची : अजून नाही. फोकसर बघू दे. यात कॅमेरा अडकवून नळी वर, डोक्यावर केली तर काय होतं ते मला पाहायचंय... हे बघ, फ्लॅटनरसकट कॅमेरा किलोभर आहे. बटणाला हात न लावता हळूहळू खाली घसरतोय.

मामा : स्क्रू आवळ.

भाची : आवळला की थांबतो, पण आवळताना प्रतिमा एका बाजूला सरकते आणि फोकस हलतो. एफ/५.८ ला फोकस चुकायची मुभा सगळी मिळून मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढीसुद्धा नाही. शिवाय रात्री गारवा वाढला की नळी आकसते आणि फोकस पुन्हा करावा लागतो. डोळ्याने बघताना तुझी बोटं नकळत फोकस सुधारत राहतात. कॅमेऱ्याची बोटं नसतात. म्हणून मी दातेरी पट्टीचा फोकसर मागते. नुसत्या घर्षणावर चालणारा फोकसर डोळ्याला मुलायम वाटतो, पण वजन पेलताना घसरू शकतो. तुझी ताऱ्याची परीक्षा भिंगासाठी, माझी वजनाची परीक्षा फोकसरसाठी. दोन्हींत उतरली तरच घ्यायची.

मामा : हे मात्र मी कधी पाहिलं नसतं. माझ्या दुर्बिणीला नेत्रिकेपेक्षा जड काही कधी लागलंच नाही.

भाची : आणि मामा, आपण इतका वेळ नळीवरच बोलतोय. माझे जास्त पैसे माउंटला, म्हणजे नळी धरून फिरवणाऱ्या बैठकीला जाणार आहेत. आकाश सेकंदाला पंधरा आर्कसेकंद सरकतं. चारशेवीस मिलिमीटरला माझा एक पिक्सेल १.८ आर्कसेकंदांचा. म्हणजे मागोवा घेणारी मोटर नसेल तर सेकंदाच्या आठव्या भागातच तारा एका पिक्सेलवरून पुढच्या पिक्सेलवर जातो. अडीचशे मिलिमीटरवर मोटरच्या चुका जास्त खपतात, म्हणूनही मला आखूड दुर्बीण हवी होती.

मामा : माझ्या साध्या माउंटवर मी हाताने ढकलत बघतो, तेवढ्यावर डोळ्याचं भागतं. पण ट्रायपॉड मजबूत हवा, हे डोळ्यालाही लागू आहे. चौऱ्याऐंशीपटीला लुकड्या ट्रायपॉडवर हात लागला की शनी पाच सेकंद नाचत राहतो.

भाची : फिरतीसाठी स्टार ॲडव्हेंचररसारखा लहान ट्रॅकर पुरेल असं मला वाटतं. तो पाच किलोपर्यंत पेलतो असं सांगतात. ही नळी दोन किलोच्या आसपास, वर कॅमेरा, फ्लॅटनर, मार्गदर्शक लहान दुर्बीण मिळून साडेतीन. फोटोसाठी सांगितलेल्या वजनाच्या वर कधी जायचं नाही, खाली राहिलेलंच बरं. ऐंशी मिलिमीटरची सहाशे नाभीय अंतराची घेतली तर या ट्रॅकरला ती जड होईल, मोठा माउंट लागेल, आणि मग "पाठीवरची दुर्बीण" हे नावच उरणार नाही. बहात्तरला होकार द्यायचं माझं कारण हे आहे, उजेडाचं नाही.

मामा : आपल्या अक्षांशाची अडचण लक्षात घेतलीस का? मोटरचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे करावा लागतो. पुण्यातून ध्रुव क्षितिजाच्या वर फक्त साडेअठरा अंश. तो बघ कुठे आहे... दिसतच नाही, पाण्याच्या टाकीमागे. उत्तरेला डोंगर, झाडं, इमारत, काहीही असलं की ध्रुव गेला.

भाची : आणि अक्ष इतका आडवा झाला की तोलाचं वजन ट्रायपॉडच्या पायावर आपटतं. युरोपात पन्नास अंशांवर राहणाऱ्यांना हा त्रास नसतो, म्हणून तिकडच्या परीक्षणांत तो वाचायला मिळत नाही. खरेदीच्या आधी दोन गोष्टी विचारायच्या : माउंट अठरा अंशांपर्यंत खाली येतो का, आणि वजन पायाला लागू नये म्हणून मध्ये उंचवटा देता येतो का. ध्रुव न दिसता कॅमेऱ्याने ताऱ्यांचे फोटो घेऊन अक्ष जुळवून देणारी सॉफ्टवेअरही आता आहेत.

मामा : बरं, प्रवासाचं सांग. तुझ्या डोक्यात ग्रहण आहे, हे मला ठाऊक आहे.

भाची : २ ऑगस्ट २०२७. इजिप्तमध्ये लक्सरला खग्रास अवस्था सहा मिनिटांहून जास्त. ही बहात्तर तिथे नेमकी बसते. चारशेवीस मिलिमीटरला सूर्याची प्रतिमा चार मिलिमीटरच्या जरा आत येते. सेन्सरची कमी बाजू पंधरा-सोळा मिलिमीटरची, म्हणजे सूर्याभोवतीचं प्रभामंडळ पसरायला भरपूर जागा. तुझ्या नऊशेवर सूर्यच आठ मिलिमीटरचा होईल.

मामा : ग्रहणाच्या सावलीमागे दुर्बीण घेऊन जायची रीत जुनी आहे. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण आपल्याकडून दिसलं, तेव्हा इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला आले होते, आणि जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि आपल्या पुण्याचे नायगमवाला यांचे तळ पडले होते. त्यांना पेटाऱ्यांतून उपकरणं आणावी लागली. तुझी केबिन बॅगेत जाईल.

भाची : नळी, नेत्रिका, कॅमेरा केबिनमध्ये, देशातल्या विमानांत साधारण सात किलोंची मर्यादा धरायची. ट्रायपॉड आणि तोलाचं वजन सामानात. बॅटरीचं मात्र आधीच बघावं लागतं. शंभर वॉट-अवरपर्यंतची हातातल्या सामानातून नेता येते, १६० च्या वरची प्रवाशाला नेताच येत नाही. गच्चीवर वापरतो ती बारा व्होल्ट, वीस अँपिअर-अवरची बॅटरी २४० च्या घरात जाते, ती घरीच ठेवायची.

मामा : आणि सूर्यासाठी फिल्टर पुढच्या भिंगावर, घट्ट. नेत्रिकेला लावायचा सूर्यफिल्टर कुणी फुकट दिला तरी घ्यायचा नाही. उष्णतेने तो तडकतो आणि डोळा जातो. पुढचा फिल्टर काढायचा तो फक्त खग्रास अवस्थेत. शेवटचं, जूनमध्ये दुर्बीण कपाटात टाकून द्यायची नाही. आपल्याकडे भिंगाचा खरा शत्रू पावसाळा. दमटपणात काचेवर बुरशी चढली की तिचे डाग आवरणात कायमचे बसतात. हवाबंद डब्यात, सिलिका जेलसकट ठेव आणि जेल अधूनमधून तापवून कोरडं कर. दव पडलेली दुर्बीण तशीच पेटीत घालू नकोस.

भाची : हल्ली सीस्टारसारख्या दुर्बिणीही निघाल्यात. पन्नास मिलिमीटरचं भिंग, कॅमेरा, मोटर, संगणक सगळं एकत्र. मोबाइलवर नाव निवडलं की ती स्वतः शोधते आणि फोटो जमवते. माझ्या अर्ध्या मैत्रिणी तीच घेतायत.

मामा : तिला नेत्रिका लागतच नाही. ज्याला फक्त चित्रं हवीत त्याने ती खुशाल घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. पण उजेड शेकडो-हजारो वर्षं प्रवास करून थेट आपल्या डोळ्यात शिरतो, ही गोष्ट पडद्यावर मिळत नाही. या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही.

भाची : आणि डोळ्याला जे कधीच दिसणार नाही, ते दाखवायची ताकद फक्त कॅमेऱ्यात आहे. मीही हटणार नाही. पण एक्कावन्नचा हट्ट मी सोडला. बहात्तर घेते, फक्त दातेरी फोकसरची.

मामा : आणि ऐंशीचा मी.

मामा आणि भाची यांचं मूळ मत शेवटपर्यंत बदललेलं नाही, आणि बदलायचं कारणही नाही. डोळ्याला व्यास, उंच पट आणि नेत्रिका हवी. कॅमेऱ्याला सपाट प्रतिमा, शुद्ध रंग, न घसरणारा फोकसर आणि आखूड नाभीय अंतर हवं. दोघांच्या मागण्या जिथे एकमेकांना छेदतात ती जागा अरुंद आहे, पण आहे : सत्तर मिलिमीटरच्या आगेमागे व्यास, चारशेच्या आसपास नाभीय अंतर, दोन भिंगांची ईडी काच, दातेरी पट्टीचा फोकसर आणि हवा तेव्हा काढता-घालता येणारा फ्लॅटनर. स्काय-वॉचर इव्होस्टार ७२ईडी किंवा विल्यम ऑप्टिक्सची झेनिथस्टार ७३ व्यास, नाभीय अंतर आणि काचेच्या बाबतीत याच वर्गातल्या. हलकं हवं असेल तर ३५५ मिलिमीटरची टाकाहाशी एफएस-६०सीबी त्याच घराण्यातली. भिंग ताऱ्यावर आणि फोकसर वजनावर तपासून घ्या, कारण एकाच नावाच्या दोन दुर्बिणी सारख्याच निघतील याची खात्री नसते.

फक्त फोटोच काढायचे असतील तर भाचीचा पहिला विचार बरोबर होता, चार भिंगांचीच घ्या. नेत्रिकेला डोळा लावण्यापलीकडे काही नको असेल तर ऐंशी मिलिमीटरची घ्या आणि उरलेले पैसे दोन चांगल्या नेत्रिकांवर घाला. आखूड दुर्बिणीत साध्या नेत्रिकेच्या कडेचे तारे विस्कटतात. दोन्ही हवं असेल तर वरची बहात्तर घ्या, आणि तिच्यासाठी ठरवलेल्या रकमेतला मोठा वाटा माउंट आणि ट्रायपॉडला द्या. उत्तम भिंग डगमगत्या ट्रायपॉडवर ठेवलं तर ते डोळ्याच्याही कामाचं नाही आणि कॅमेऱ्याच्याही नाही. खरेदीच्या आधी एखाद्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला जा, तिथे दोन-चार दुर्बिणींना डोळा लावा, मग ठरवा.